पुढचा घेईल का?

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेला माझा पुतण्या माझ्या केंद्रातील अंगठ्याच्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, पाच वर्षांत हे भंगारात जाते पाहा. लोक क्रिप्टोनंच पैसे देतीन एकमेकाले." त्याच्याशी वाद घालण्याऐवजी मी एक कोरी वही काढली आणि तिच्यात चार रकाने आखले: तारीख, कोणी दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले. आमच्या गावात आणि आसपासच्या चार-पाच गावांत क्रिप्टो चलन, म्हणजे बँकेशिवाय संगणकांच्या जाळ्यावर चालणारे पैसे, देऊन कोणी खरोखर काही विकत घेतले किंवा मजुरी चुकती केली, तर त्याची नोंद या वहीत करायची, असे मी ठरवले. क्रिप्टो कोणाकोणाकडे आहे, हा माझा प्रश्नच नव्हता. आता वर्ष होत आले आहे. वहीची बरीच पाने भरली आहेत, पण ती ऐकलेल्या हकिगतींनी आणि माझ्याच हिशेबांनी. ज्या नोंदीसाठी वही काढली होती, तशी नोंद आजपर्यंत एकच झाली आहे.

ही चौकशी करायला माझ्याइतकी सोयीची जागा गावात दुसरी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मी बँकेचे ग्राहक सेवा केंद्र चालवतो. किसान सन्मानचे दोन हजार आले का, लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा झाले का, कापसाचा चुकारा पडला का, हे विचारायला सगळे गाव माझ्याकडे येते आणि आधार क्रमांकावर अंगठा देऊन रोख रक्कम घेऊन जाते. वेचणीच्या दिवसांत तर निम्म्या बायांचे अंगठे मशीनवर लागतच नाहीत, कारण कापसाच्या बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी आणि निंदणाच्या विळ्याने बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. मग ओल्या फडक्याने बोट पुसायचे, थोडे खोबरेल लावायचे, दुसरे बोट ठेवून पाहायचे आणि तरीही लागले नाही तर उद्या सकाळी हात मऊ असताना या म्हणून सांगायचे, हा माझा रोजचा उद्योग आहे. पैसे देण्याघेण्याच्या नव्या पद्धतींबद्दल मोठ्या शहरात बसून जे लिहिले जाते, त्यात हे झिजलेले बोट मला कधी भेटले नाही.

असे असूनही आमच्याकडचा व्यवहार जुनाट राहिला आहे, असे कोणी समजू नये. बुधवारच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या बाईच्या पाटीला क्यूआर कोडचा पुठ्ठा टेकवलेला असतो, आणि पानठेल्यावर दहा रुपये आल्याची घोषणा करणारा डबा दिवसभर ओरडत असतो. यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झाले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि तरीसुद्धा आमच्या बाजारात ते खऱ्या अर्थाने रुळायला आणखी चार-पाच वर्षे लागली. ज्या बाजारात टॉवर गेला की "पैसे कटले पण आले नाई" या वाक्यावर तासभर भांडण चालते, त्या बाजाराने ही पद्धत इतक्या सहज स्वीकारली, याचे मला आजही नवल वाटते.

पुतण्याचे म्हणणे मी थट्टेवारी नेले नाही. क्रिप्टोची माहिती असलेले लोक गावात नाहीत, असेही नाही. माझ्या मोजणीत नऊ जणांच्या फोनवर खरेदी-विक्रीचे अॅप निघाले. त्यांत एक शिक्षक आहेत, एक कृषी केंद्रवाल्याचा मुलगा आहे, दोघे पोलीस भरतीची तयारी करणारे आहेत आणि एक तर नियमाने वारी करणारे माळकरी गृहस्थ आहेत. त्यांतील प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला, की यातून आजवर काय विकत घेतले. आणि प्रत्येकाने मला भाव सांगितला. कितीला घेतले, कितीवर गेले, कितीवर आले आणि कितीला विकायला हवे होते, हे त्यांना तारखेनिशी पाठ आहे. देण्याचा विषय काढला की ते माझ्याकडे असे पाहतात, जणू मी त्यांना वावर देऊन भाजी घ्यायला सांगत आहे.

त्यांचे पाहणे चुकीचे नाही, याचा पुरावा या चलनाच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकातच बिटकॉइनला, म्हणजे या पहिल्या क्रिप्टो चलनाला, इलेक्ट्रॉनिक रोकड म्हटले होते. म्हणजे मधे बँक न ठेवता एकाने दुसऱ्याला पैसे द्यावेत, हाच मूळ हेतू होता. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील फ्लोरिडात लाझ्लो हॅन्येझ नावाच्या प्रोग्रामरने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले, तेव्हा त्या नाण्यांची किंमत चाळीस-एक डॉलर होती. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे त्या दोन पिझ्झांची किंमत शंभर कोटी डॉलर झाली. जगभरचे लोक दर वर्षी २२ मे हा दिवस हौसेने साजरा करतात, पण त्या गोष्टीतून त्यांनी घेतलेला धडा मात्र असा आहे, की हे नाणे कधी कोणाला देऊ नये. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर थांबणार हे ठरलेले असल्यामुळे, ते जपून ठेवण्याची ओढ त्याच्या घडणीतच आहे.

आमच्याकडे ही ओढ नवीन नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. माजघरात, ओसरीवर, पलंगाखाली कापूस होता. लेकरांच्या अंगाला खाज सुटली. आणि शेवटी तो सात-आठ हजारांत घालावा लागला. भाव वाढेल या आशेने धरून ठेवलेली वस्तू कोणी सुटे पैसे म्हणून खर्चत नसते.

आणि तरीही कापूस आमच्या गावात एकेकाळी सुट्या पैशांसारखा चालत होता, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच पुतण्याच्या भाकितावर मी वर्षभर विचार करत राहिलो. १९८० च्या दशकात, मी पाचवी-सहावीत असताना, वेचणीच्या दिवसांत आम्ही मुले वावरातून येताना फ्रॉकच्या किंवा सदऱ्याच्या ओट्यात ओंजळ-दोन ओंजळ कापूस आणायचो आणि थेट किराणा दुकानात जायचो. दुकानदार तो छोट्या तराजूत टाकायचा, बोटांनी चोळून ओल पाहायचा, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचा आणि गुळाचा खडा, गोळ्या किंवा बिस्किटाचा पुडा समोर ठेवायचा. बाया त्याच कापसावर मीठ-मिरची, तेल आणि कधी साबण न्यायच्या. भाव अर्थातच बाजारापेक्षा कमी असे. आजच्या भाषेत बोलायचे तर ते त्याचे व्यवहार शुल्क होते, आणि ते बरेच जबर होते. दुकानाच्या मागच्या खोलीत गाठोडी साठत आणि आठ-पंधरा दिवसांनी एखादा व्यापारी रात्रीच्या वेळी येऊन ती घेऊन जाई.

रात्रीच्या वेळी का, हे मला फार उशिरा कळले. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना लागू होती आणि शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही, असा कायदा होता. म्हणजे आमच्या ओट्यातला तो कापूस देऊन गूळ घेणे हा काटेकोरपणे पाहिल्यास बेकायदेशीर व्यवहार होता. सरकारी केंद्रावर कापूस घालून चुकाऱ्यासाठी वाट पाहत बसण्यापेक्षा ओंजळभर कापसावर आजचा स्वयंपाक निघतो, एवढेच घरातल्या बाईला ठाऊक होते.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहा. गेल्या काही वर्षांत आमच्या बाजारात दहा रुपयांचे नाणे घ्यायला लोक तयार नसत. खोटे आहे, बंद झाले आहे, याच्यावर रेषा किती आहेत, असली चर्चा चाले. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर केले. मी ते पत्रक छापून केंद्राच्या भिंतीवर चिकटवले आणि त्याचा कोणावरही काडीचा परिणाम झाला नाही. भाजीवालीला मी पत्रक वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "थे बरोबर हाये भाऊ, पन पुढचा घेईन काय?" सरकारची मोहोर, टाकसाळीचा धातू आणि कायद्याचे पाठबळ असलेले नाणे या एका प्रश्नापाशी अडले, आणि कायद्याने मना केलेला कापूस याच प्रश्नातून सहज पार झाला होता, कारण त्याला रात्री येणारा पुढचा माणूस होता. कवडीसुद्धा एकेकाळी याच देशात चलन म्हणून चालत होती. पुढचा घ्यायचा थांबला आणि आपल्याकडे फक्त कवडीमोल हा शब्द उरला.

भाजीवालीचा हा प्रश्न घेऊन मी एक प्रयोग करून पाहिला. पुतण्या होळीला आला, तेव्हा आम्ही दोघे पानठेल्यावर गेलो आणि दोन चहांचे वीस रुपये क्रिप्टोमध्ये देण्याची त्याला अट घातली. ठेल्यावरचा मुलगा उत्साही आहे. त्याने नाही म्हटले नाही. प्रथम त्याच्या फोनवर एक वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचे अॅप, उतरवावे लागले. वॉलेटने बारा इंग्रजी शब्द दाखवले आणि ते कागदावर लिहून ठेवा, हरवले तर पैसे कायमचे गेले, अशी सूचना दिली. कागद मिळेना, म्हणून मुलाने ते शब्द तंबाखूच्या पुडीच्या मागच्या बाजूला लिहिले. मग पुतण्याने आपल्या खात्यातून टेदर, म्हणजे ज्याचा भाव एका डॉलरला बांधलेला असतो ते नाणे, पाठवायला घेतले, तेव्हा कोणत्या नेटवर्कवरून, म्हणजे संगणकांच्या कोणत्या जाळ्यावरून, पाठवायचे असा प्रश्न आला. चुकीचे नेटवर्क निवडले तर पैसे परत मिळणे जवळपास अशक्य, आणि तक्रार करायला कोणते कार्यालयही नाही. नेटवर्क ठरले. त्यानंतर अॅपने सांगितले, की एवढी लहान रक्कम बाहेर पाठवताच येत नाही, आणि किमान रक्कम पाठवली तरी तिच्यावरचे शुल्क आमच्या दोन चहांच्या कित्येक पट होते. चहा केव्हाच थंड झाला होता. ठेल्यावरच्या मुलाने मात्र खरा प्रश्न आधीच विचारून ठेवला होता: "पाठवा ना दादा, मले काई अडचन नाई, पन दूधवाल्याले मी काय देऊ?"

त्या दिवशी मी वहीत पाचवा रकाना आखला: पुढे कोणाला दिले.

पुतण्याने दिलेली उत्तरे येथे नोंदवणे न्याय्य होईल, कारण ती पोकळ नव्हती. बिटकॉइनच्या मूळ जाळ्यावर साधारण दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ठोकळा तयार होतो आणि सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार बसतात; गर्दी झाली की आपला व्यवहार आधी लागावा म्हणून लोक जास्त शुल्क देऊ करतात. डिसेंबर २०१७ मध्ये हे सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेले होते, आणि त्याच महिन्यात संगणकीय खेळ विकणाऱ्या स्टीम या मोठ्या दुकानाने शुल्क आणि भावाची चढउतार ही दोन कारणे सांगून बिटकॉइन घेणे बंद केले. टेस्लाने मार्च २०२१ मध्ये मोटारींसाठी बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि मे महिन्यात ते घेणे थांबवले, तेही विजेच्या वापराचे कारण देऊन. पुतण्याचे म्हणणे असे, की ही सारी जुनी दुखणी आहेत. बिटकॉइनच्या जाळ्यावर उभारलेल्या लाइटनिंग नावाच्या वरच्या थरावर लहान रकमा क्षणात आणि नगण्य शुल्कात जातात, आणि टेदरसारख्या नाण्यांनी चढउताराचा प्रश्न सोडवला आहे. तंत्रापुरते हे मला मान्य आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे दिवसाला ६४ कोटींच्या वर; आणि दुकानदाराकडून त्याचे शुल्क जानेवारी २०२० पासून घेतले जात नाही. त्याचा खर्च कोणीतरी सोसतेच. सरकार आणि बँका सोसतात आणि हे असे किती दिवस चालेल हा प्रश्न रास्त आहे. परंतु मेथी विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने जी सोय आज फुकट, तत्काळ आणि रुपयांत मिळते, तिच्या जागी दुसरी आणायला ती दुसरी नुसती तितकीच चांगली असून चालत नाही.

त्यात आपला कर. क्रिप्टो बाळगणे भारतात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. मात्र १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का कर मुळातच कापायचा आहे. वस्तूच्या बदल्यात क्रिप्टो देणे हेही हस्तांतरणच ठरते. म्हणजे कृषी केंद्रातून सोयाबीनच्या बियाण्याची एक थैली क्रिप्टो देऊन घ्यायची, तर ते नाणे आपण कोणत्या तारखेला कितीला घेतले होते आणि आज त्यावर किती नफा झाला, याचा हिशेब थैलीसोबत घरी न्यावा लागेल. आणि कृषी केंद्रवाला? त्याला कंपनीच्या वितरकाला आगाऊ पैसे रुपयांतच भरायचे असतात. त्याचा पुढचा घेत नाही, म्हणून तो घेत नाही.

पण आमच्याकडच्या व्यवहाराचा खरा गाभा रोख नाही आणि यूपीआयही नाही. तो उधारी आहे, आणि क्रिप्टोच्या चर्चेत हा शब्द मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. जूनमध्ये नेलेल्या बियाण्या-खतांचे पैसे दिवाळीनंतर कापूस निघाल्यावर द्यायचे, हा व्यवहार तत्काळ पोहोचणाऱ्या पैशावर चालत नाही. तो थांबणाऱ्या माणसावर चालतो. त्यातही सालगड्याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. आमच्याकडे सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते: वर्षाचे इतके रुपये, इतकी ज्वारी किंवा गहू, कपडे आणि त्यातले काही आगाऊ. समजा, २०२२ च्या पाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, एखाद्या मालकाने हे साल बिटकॉइनमध्ये ठरवले असते. त्या दिवशी भाव ४५ हजार डॉलरच्या वर होता. कापूस घरात येऊ लागला त्या नोव्हेंबरच्या अखेरीस तो १७ हजारांच्या आसपास होता. सालदाराने उन्हापावसात तेवढीच औते हाकली असती आणि त्याची मजुरी मात्र निम्म्याच्याही खाली आली असती. याच्या पुढच्या पाडव्याला, २२ मार्च २०२३ रोजी, भाव २८ हजारांच्या जवळ होता आणि साल संपायच्या आत ६० हजारांच्या वर गेला. म्हणजे त्या वर्षी मालकाला सालदाराचे साल चुकवायला वावराचा तुकडा विकावा लागला असता. ज्या मापाने वर्षभराचा शब्द देता येत नाही, त्या मापाने आमच्याकडे चहा मिळेल एक वेळ, पण शेती होणार नाही.

टेदरला हा दोष नाही, हे पुतण्याने लगेच दाखवून दिले. त्यावर मी त्याला मे २०२२ मध्ये कोसळलेल्या टेरायूएसडी या नाण्याची आठवण करून दिली, कारण तेही एका डॉलरला बांधलेले म्हणूनच विकले जात होते. पण खरे सांगायचे तर ते वेगळ्या घडणीचे नाणे होते आणि माझा टोला थोडा अन्यायाचा होता. टेदरविरुद्ध माझे म्हणणे साधे आहे: सालदाराची ज्वारी, मुलीची फी आणि दवाखान्याचे बिल यांपैकी काहीच डॉलरमध्ये नसते.

जिथे लोकांचे स्वतःचे चलनच नासलेले आहे, तिथली गोष्ट निराळी आहे, आणि ती मी वहीत मुद्दाम लिहून ठेवली आहे. अर्जेंटिनात २०२३ मध्ये महागाईचा वार्षिक दर २०० टक्क्यांच्या वर गेला होता. अशा देशात पगार हाती पडताच त्याचे डॉलर किंवा डॉलरला बांधलेली नाणी करून ठेवणे हा शहाणपणा आहे. तरी तिथेही हे मुख्यतः साठवण्यासाठी चालते, आणि वाण्याला शेवटी पेसोच दिले जातात. एल साल्वादोरने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला अधिकृत चलन केले, दुकानदारांनी ते घेतलेच पाहिजे असा कायदा केला आणि सरकारी चिवो वॉलेट उतरवणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलर दिले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी १,८०० कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा असे दिसले, की वॉलेट उतरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते ३० डॉलर खर्च केल्यावर ते पुन्हा वापरलेच नाही. परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांवर तो देश मोठ्या प्रमाणात जगतो, पण त्या पैशांतलाही अगदी किरकोळ भागच या मार्गाने आला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाचा करार झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन घेणे ऐच्छिक करण्यात आले. माझ्या भिंतीवरचे दहाच्या नाण्याचे पत्रक मला त्या वेळी आठवले.

आमच्या भागात क्रिप्टोचा सर्वांत जास्त प्रत्यक्ष वापर कोण करते, याचे उत्तर मात्र वाईट आहे: फसवणारे. पैसे दुप्पट करून देतो म्हणून गावोगाव सभा घेणारे येऊन गेले, आणि फोनवरून लुबाडलेला पैसा क्रिप्टो करून परदेशी नेणारे तर रोजचे झाले आहेत. माझ्याकडे आलेल्या लोकांना मी १९३० हा क्रमांक लावून देतो आणि पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर काही रक्कम अडवली जाण्याची आशा असते, एवढे सांगतो. त्याच्या पुढे पैसा गेला, की मला सांगण्यासारखे काही उरत नाही.

याच गाळात एक सरळमार्गी मुलगाही सापडला होता, आणि माझ्या वहीतली एकमेव नोंद त्याची आहे. शेजारच्या गावातला हा मुलगा परदेशी लोकांचे व्हिडिओ कापून-जोडून देतो. वीस-पंचवीस डॉलरचे काम. बँकेमार्फत आणायचे तर शुल्कातच बराच भाग जातो आणि दिवस लागतात तो वेगळाच त्रास. म्हणून गिऱ्हाईक त्याला टेदर पाठवते. तो ते एका ऑनलाइन मंचावर अनोळखी खरेदीदाराला विकायचा आणि खात्यात रुपये घ्यायचा. एकदा अशा खरेदीदाराने पाठवलेले रुपये कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले आणि दुसऱ्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून मुलाचे सगळे खातेच गोठले. त्यात त्याच्या वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून टाकलेले पैसेही होते. पुढचे तीन महिने तो आईला दुचाकीवर मागे बसवून माझ्याकडे आणायचा, आई अंगठा द्यायची आणि तिच्या खात्यातून घरखर्च निघायचा. भंगारात जाणाऱ्या मशीनवर, असे मी पुतण्याला फोनवर सांगितले. तो हसला नाही.

खाते सुटल्यावर त्या मुलाने रुपये करण्याची घाई सोडली. मागच्या महिन्यात त्याच्याकडे काम जास्त होते, म्हणून त्याने व्हिडिओंखालच्या ओळी लिहून देण्याचे काम आर्णीकडच्या एका मुलाला दिले आणि त्याचे १५ डॉलर टेदरमध्येच चुकते केले. मी हे ऐकले तेव्हा वही उघडून त्याला समोर बसवले आणि एकेक रकाना विचारून भरला. आर्णीच्या मुलाने रुपये का मागितले नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला, "त्याले पुढं द्याचेच होते काका, म्हनून घेतले त्यानं." आर्णीच्या मुलाने परदेशात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचे, म्हणजे दूरच्या संगणकाचे, मासिक पैसे टेदरमध्ये भरता येतात आणि त्याचे भाडे थकले होते. पाचव्या रकान्यात मी 'सर्व्हरवाल्याला' असे लिहिले. सर्व्हरवाला पुढे कोणाला देतो, हे माझ्यासमोर बसलेल्या मुलालाही सांगता आले नाही. मग त्याने आईच्या औषधांसाठी दोन हजार काढायचे आहेत म्हणून मशीन पुढे ओढले आणि बोट सदऱ्याला पुसले.